घरगुती वायुमीटरची निवड

कोकणातील दाभोळपासून बेंगळुरूपर्यंतची नैसर्गिक वायूची वाहिनी २०१३ मध्ये कार्यान्वित झाली. समुद्रकाठाहून सुमारे ९०० मीटर उंचीवर आलेला हा वायू घरात शिरताना मीटरमधून जातो. हा मीटर केवढा असावा?

महिन्याच्या एकूण खपावरून याचे उत्तर मिळत नाही. १४.२ किलोग्रॅमच्या एका सिलिंडरमधील उष्णता सुमारे २० घनमीटर नैसर्गिक वायूइतकी असते. हा खप महिनाभरात विभागला, तर ताशी सरासरी अगदीच क्षुल्लक निघते. परंतु सकाळी चूल आणि गिझर एकाच वेळी पेटतात. तेव्हा लागणारा प्रवाह मीटरमधून सुखाने गेला पाहिजे. मीटर अपुरा पडल्यास दाब घटतो, ज्योती मंदावतात आणि गिझर नीट चालत नाही.

बसवनगुडीतील एका एकत्र कुटुंबाचे कल्पित उदाहरण घेऊ. दोन बर्नरची शेगडी ४ किलोवॉटची आहे. दोन न्हाणीघरांसाठी १० किलोवॉटचा प्रत्येकी एक गिझर आहे. असा गिझर मिनिटाला सुमारे ५ लिटर पाणी २५ अंशांनी तापवतो. एकूण भार २४ किलोवॉट झाला. समुद्रसपाटीवर एका घनमीटर वायूपासून तासभर सुमारे १० किलोवॉट शक्ती मिळते, असे धरले तर ताशी २.४ घनमीटर वायू पुरेल. 'जी १.६' या लहान मीटरची कमाल क्षमता २.५ घनमीटर असल्याने तो चालेल, असे वाटते.

येथेच उंचीचा प्रश्न उद्भवतो. बेंगळुरूत हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एकदशांशाने कमी असतो. त्यामुळे वायू विरळ होतो आणि मीटरने मोजलेल्या घनमीटरमागे शक्ती सुमारे ९ किलोवॉटच मिळते. २४ ला ९ ने भागल्यास २.६७ घनमीटर येतात. लहान मीटर अपुरा ठरतो. ४ घनमीटर क्षमतेचा 'जी २.५' घ्यावा लागतो. एकच गिझर असता, तर १४ किलोवॉटला १.५६ घनमीटर पुरले असते आणि लहान मीटर योग्य ठरला असता.

मग सर्वांत मोठा मीटर का बसवू नये? कारण प्रत्येक मीटरला अचूक मोजमापाची किमान मर्यादाही असते. मंद आचेवर ठेवलेली ०.३ किलोवॉटची ज्योत ताशी सुमारे ०.०३३ घनमीटर वायू घेते. 'जी ४'ची किमान मर्यादा ०.०४, तर 'जी २.५'ची ०.०२५ घनमीटर असते. म्हणजे मोठ्या मीटरला हा प्रवाह नेमका मोजता येईलच, याची शाश्वती नाही.

मीटर पुरवठादार कंपनी बसवते. परंतु घरातील प्रत्येक उपकरणाची शक्ती तिला कळवणे हे गृहस्थाचे काम आहे. पुढे दुसरा गिझर घ्यायचा असल्यास तोही यादीत धरावा. आणि गिझर बंदिस्त न्हाणीघरात कदापि बसवू नये. अपुऱ्या हवेत जळताना निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वास न येता प्राण घेतो, आणि मीटर त्याची कोणतीच नोंद करत नाही.