जुनी रेकॉर्ड घेताय? आधी उजेडात धरा!

कर्वेनगर-कोथरूडचे जुने बंगले एकेक करून पाडले जातायत. घर रिकामं करताना भांडीकुंडी टेम्पोत जातात, पण माळ्यावरचा रेकॉर्ड्सचा गठ्ठा पुष्कळदा रद्दीवाल्याकडे जातो. मग त्यातल्याच काही बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात येऊन पडतात. तिथे ना वाजवून बघायची सोय, ना परत करायची. म्हणून आपल्यासारख्या होस्टेलवाल्यांना पारख हवीच. माझ्या मते तिचं सूत्र एकच : मळ धुता येतो, झीज धुता येत नाही.

आधी रेकॉर्डची जात ओळखा. ७८ आर.पी.एम.ची तबकडी लाखेची असते. जड आणि ठिसूळ. हातातून पडली की संपली. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. बालगंधर्वांची नाट्यपदं अशाच तबकड्यांवर निघाली. एलपी १९४८ साली अमेरिकेत आली. ती पीव्हीसीची, हलकी, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी. आपल्याकडे मात्र ७८च्या तबकड्या साठच्या दशकातही निघत होत्या, अगदी बीटल्सच्यासुद्धा!

आता रेकॉर्ड फक्त कडेला धरून उन्हात तिरकी करा. खाचा चकाकल्या तर उत्तम. करड्या, निस्तेज दिसल्या तर लगेच ठेवून देऊ नका. मऊ कोरड्या कापडाने छोटासा भाग हलकेच पुसा. चमक आली तर ती नुसती धूळ किंवा पावसाळ्यातली बुरशी. करडेपणा तसाच राहिला तर खाचांच्या भिंतीच सुईने घासल्या गेल्यात. ७८च्या तबकड्यांवर हे फार दिसतं, कारण स्टीलची पिन दर बाजूला बदलायची असते आणि लोक तीच तीच वापरत.

चरा दिसला तर नख अगदी हलकं फिरवा. नखाला लागला तर कानालाही लागणार. किती वेळ, ते काढता येतं. एलपीची एक बाजू २० मिनिटांची धरली तर साधारण ६६७ फेरे, आणि ते सुमारे ८ सेंटिमीटर रुंद पट्ट्यात बसवलेले. म्हणजे सेंटिमीटरला ८०च्या आसपास फेरे. एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात. म्हणजे मध्याकडे जाणारा फक्त एक सेंटिमीटरचा खोल चरा जवळजवळ अडीच मिनिटं टक्-टक् करत राहतो! खाचेच्या दिशेने गेलेला चरा तर आणखी वाईट, सुई एकाच जागी अडकू शकते.

शेवटच्या गाण्याचा भाग नीट बघा. फेऱ्याचा वेळ तोच, पण आतला घेर लहान. त्यामुळे बाहेर सुईखालून सेकंदाला ५० सेंटिमीटर खाच सरकत असेल, तर अगदी आत जेमतेम २१. तेवढाच आवाज कमी जागेत कोंबलेला, म्हणून झीज आधी तिथेच ऐकू येते.

मधल्या भोकाभोवती लेबलवर बारीक पांढुरक्या रेघा खूप असतील तर रेकॉर्ड पुष्कळदा चढवली-उतरवली गेली आहे. शेवटी ती डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून कड बघा, म्हणजे वाकलेली असेल तर कळेल. लाखेच्या तबकडीला केसासारखा तडा नाही ना, तेही बघा.

विकणारा 'गुड कंडिशन' म्हणाला तर हुरळून जाऊ नका. संग्राहकांच्या प्रतवारीत 'मिंट', 'निअर मिंट', 'व्हेरी गुड प्लस', 'व्हेरी गुड' आणि त्याच्याही खाली 'गुड' येतं. थोडक्यात, फर्स्ट क्लास नाही, काठावर पास!

घरी आणल्यावर एक पथ्य. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नका. सुतार पॉलिश कसं करतो आठवा : स्पिरिटमध्ये लाख विरघळवूनच ना? तेच तुमच्या गाण्याचं होईल. साधं पाणी, अगदी थोडा सौम्य साबण, मऊ कापड. आणि कागदी लेबल कोरडं ठेवायचं.

जुन्या तबकड्यांवरचं सगळंच काही सीडीवर किंवा नेटवर आलेलं नाही. नुसत्या धुळीमुळे नाकारलेली तबकडी भंगारात गेली, तर कदाचित तो आवाजही तिच्याबरोबर जाईल. तेव्हा मैत्रिणींनो, कव्हर फाटकं असलं तरी चालेल, खाचा बघा. आणि मगच घासाघीस करा!