कार्यालयीन पार्टिशनची पर्यावरणपूरक निवड : फळी, राळ आणि आयुर्मान

महाविद्यालयात मूल्यांकन समितीच्या भेटीचे वेध लागले की कार्यालयाची पुनर्रचना हाती घेतली जाते. एकाच दालनात लेखा विभाग, परीक्षा विभाग व विद्यार्थी खिडकी सामावून घेण्यासाठी पार्टिशन उभारले जाते. दरपत्रके मागविताना चौरस फुटाचा दर आणि सनमायकाचा रंग यांपलीकडे चौकशी सहसा जात नाही. पर्यावरणाचा विचार झालाच, तर तो लाकूड टाळण्यापुरता मर्यादित राहतो. वस्तुतः फळी कशाची आहे याइतकेच ती कोणत्या राळेने सांधलेली आहे, हेही महत्त्वाचे असते.

पार्टिकल बोर्ड, एमडीएफ आणि ‘एमआर’ प्रतीचे प्लायवूड यांत बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइड राळ असते. ती स्वस्त असली तरी ओलाव्याने तिचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड वायू बाहेर पडतो. उष्णता व आर्द्रता वाढली की त्याचे प्रमाणही वाढते. कोकणातील पावसाळ्यात बंद खिडक्यांच्या दालनात नव्या पार्टिशनमागे बसणाऱ्या लिपिकाचे डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. दोष मात्र जुन्या फाइलींच्या धुळीला दिला जातो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये या वायूचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांत केला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये अंतर्गत हवेसाठी प्रति घनमीटर ०.१ मिलिग्रॅम (३० मिनिटांची सरासरी) ही मर्यादा सुचविली.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये आपल्या बांधकामांत लाकडावर घातलेली बंदी २०२० मध्ये उठविण्यात आली. लाकूड टाळणे म्हणजेच पर्यावरणरक्षण, हे समीकरण अपुरे होते. अॅल्युमिनियमचेच पाहावे : खनिजापासून ते मिळविण्यास प्रचंड वीज लागते, भंगारापासून मिळविण्यास तिच्या सुमारे ५ टक्के ऊर्जा पुरते. म्हणजे अॅल्युमिनियमची चौकटही सरसकट चांगली वा वाईट ठरत नाही.

उसाच्या चिपाडापासून बनणारा बोर्ड महाराष्ट्राला जवळचा पर्याय आहे. मात्र त्यातही युरियायुक्त राळ असू शकते, हे विक्रेता आपणहून सांगत नाही. बांबूच्या चटयांपासून बनविलेला बोर्ड मजबूत असतो; वाळवीप्रतिबंधक प्रक्रियेची खात्री मात्र करून घ्यावी लागते.

म्हणून निविदेतच ‘ई-१’ किंवा त्याहून कमी उत्सर्जनाच्या बोर्डाची अट आणि चाचणी प्रमाणपत्राची मागणी नमूद करावी. कापलेल्या कडा उघड्या राहिल्यास उत्सर्जन वाढते. त्या पट्टी लावून बंद करून घ्याव्यात. खिळ्यांऐवजी स्क्रू वापरल्यास विभाग हलविताना तेच पार्टिशन पुन्हा उभे करता येते. उंची साडेचार फुटांच्या आसपास ठेवल्यास खिडकीचा उजेड व वारा आतल्या टेबलापर्यंत पोहोचतो आणि दिवसा दिवे लावावे लागत नाहीत. अनेक कार्यालयांत तर भांडारातील जुनी पोलादी कपाटे पाठीला पाठ लावून ठेवली, तरी नव्या खरेदीची गरजच उरत नाही.