ड्रॅग कारचा कल आवरायचा कसा? हवेच्या बॅगेने नव्हे, अँटी-रोल बारने!

सॉलिड रिअर एक्सलची व्ही-८ ड्रॅग कार सुटताना सहसा डावा पुढचा कोपरा उचलते आणि उजव्या मागच्या कोपऱ्यावर बसते. प्रोपेलर शाफ्टचा टॉर्क बॉडीला एका बाजूला पिळतो, एक्सलला उलट बाजूला. त्यामुळे उजवा मागचा टायर हलका पडून ग्रिप घटते. उजव्या स्प्रिंगमध्ये हवेची बॅग भरणे हा स्वस्त उपाय, पण तिचा दाब ठरलेला असतो, टॉर्क बदलता. इंजिनचे ६०० न्यूटन-मीटर २.५:१ च्या पहिल्या गिअरमध्ये शाफ्टवर १५०० होतात, १:१ च्या टॉप गिअरमध्ये ६००च राहतात. मग एकच दाब दोन्हीकडे कसा जुळणार?

मागचा जाड अँटी-रोल बार कल वाढेल तसा विरोध वाढवतो आणि बॉडीचा पीळ एक्सलकडेच परत पाठवून दोन्ही टायरांवरचा भार सारखा करू पाहतो. ‘अशी गाडी वळणावर मागून घसरेल,’ हा आक्षेप रस्त्यावर खरा आहे. ४०२ मीटरच्या सरळ पट्टीवर मात्र तो गैरलागू ठरतो. फक्त जोडणी नीट हवी: गाडी सपाट जागी, ड्रायव्हरचे वजन सीटवर आणि लिंकची लांबी अशी, की बोल्ट जोर न लावता बसेल.