सिनेमातल्या यानाचा नकाशा कसा काढायचा?

'स्टार ट्रेक'मधलं एंटरप्राइझ यान काल्पनिक आहे, पण त्याचे नकाशे खरे आहेत! विमान उद्योगात ड्राफ्टिंग केलेल्या फ्रान्झ जोसेफ यांचे १२ नकाशे १९७५ मध्ये छापून आले.

असा नकाशा काढताना मी आधी स्केल ठरवतो. यानाची लांबी सुमारे २८९ मीटर. १:१००० स्केल घेतलं, तर चित्र २८.९ सेंटीमीटरचं होतं, म्हणजे आडव्या ए-४ कागदावर जेमतेम मावतं. त्यात माणूस फक्त १.८ मिलिमीटरचा! आता मजले आखा आणि प्रत्येक मजल्यावर तो उभा राहतोय का, ते बघा.

शूटिंगसाठी यानाचं मॉडेल आणि आतल्या खोल्यांचे सेट वेगवेगळे बनवतात, त्यामुळे मापं जुळतीलच असं नाही. नकाशात मात्र सगळं एकाच मापात बसवावं लागतं. कुठली खोली लहान करायची, हे ठरवण्यातच खरी मजा आहे.