तीस बाइटांचं बिऱ्हाड

"काका, सत्तर अक्षरांचा प्रोग्रॅम लिहिला आणि फाइल झाली सोळा केबीची. कंपायलर येडा झालाय का?" कर्वेनगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोराचा हा सवाल. प्रोग्रॅम नेहमीचाच, सी भाषेतला, स्क्रीनवर एक ओळ छापणारा. म्हटलं, फाइल उघडूनच बघू.

मशीन कोड वाचून दाखवणारं ऑब्जडम्प चालवून 'मेन' हे मुख्य फंक्शन उलगडलं. त्याने लिहिलं होतं प्रिंटएफ. छापायला साधी ओळच आहे हे पाहून कंपायलरने परस्पर त्याजागी पुट्स हे साधं फंक्शन टाकलं होतं. सगळं मिळून मशीन कोड तीस बाइट. मग बाकीचं काय? हेक्समध्ये पाहिलं तर सुरुवातीला 'ईएलएफ' अशी फाइलच्या प्रकाराची खूण, थोडे तक्ते, आणि मग नुसती शून्यं, स्क्रीनमागून स्क्रीन. मेमरीची पानं सहसा 4096 बाइटांची असतात. 2018 च्या बिनयुटिल्स 2.31 पासून x86 प्रोसेसरच्या लिनक्सवरचा लिंकर, म्हणजे तुकडे जोडून फाइल बनवणारा प्रोग्रॅम, कोडला स्वतंत्र पानं देतो आणि उरलेली जागा शून्यांनी भरतो, म्हणजे डेटाचे बाइट कोड म्हणून चालवता येऊ नयेत. पूर्वी आठेक केबीत मावणारा हा प्रोग्रॅम त्यामुळे सोळावर गेला. निम्म्याहून जास्त फाइल म्हणजे मोकळी जागा!

आणि यात पुट्सचा कोड नाहीच. तो सिस्टिमच्या लायब्ररीत. फाइलमध्ये फक्त तिचं नाव. मेस लावलेल्या विद्यार्थ्यासारखं, खोलीत गॅसही नाही. '-स्टॅटिक' देऊन, म्हणजे लायब्ररीतला कोड फाइलमध्येच घालून लिंक केलं की मात्र बिऱ्हाड थाटावं लागतं. फाइल गेली आठशे केबीच्या पुढे. पोराने हुशारी केली, 'मेन' रिकामं ठेवून पुन्हा बांधलं. आकार जवळपास तोच! प्रोग्रॅम सुरू करणारा कोडच मेमरीचं वाटप, लोकेल, एरर छापणं असं एकेक ओढून आणतो. एका फंक्शनला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं. म्हणजे हे वजन त्याच्या प्रोग्रॅमचं नव्हतंच. पुढे शंभर ओळी वाढवल्या तरी फाइल जेमतेम हलते.

याच्या उलट वाट चोखाळणाऱ्यांतले एक पुढे पुण्यात आले. केशव नोरी 1970 च्या दशकात झुरिचमध्ये निक्लाउस विर्थ यांच्या पास्कल-पी कंपायलरवर काम करत होते. तो कंपायलर एका काल्पनिक यंत्रासाठी आटोपशीर कोड काढायचा. खऱ्या मशीनवर तो चालवणारा इंटरप्रिटर वेगळा. नोरी नंतर हडपसरच्या टीआरडीडीसीत होते; टाटांची ही संशोधन संस्था 1981 ची. जावाची क्लास फाइल आज अर्ध्या केबीत बसते ती त्याच जातीच्या युक्तीने. सोबतच्या अगडबंब व्हर्च्युअल मशीनचं वजन कोणी करत नाही, एवढंच.

गो भाषेत तोच प्रोग्रॅम दोन एमबीच्या आसपास. गार्बेज कलेक्टर, शेड्युलर, सगळं आत. डीबगची माहिती आणि सिम्बॉल टेबल काढलं, म्हणजे 'स्ट्रिप' केलं, की साधारण तिसरा हिस्सा कमी होतो. फंक्शनांचा आणि ओळींचा तक्ता तरीही राहतो, कारण प्रोग्रॅम कोसळला तर कुठल्या ओळीवर ते त्यातूनच कळतं. मला विचाराल तर दोन एमबी हा रास्त भाव आहे. फाइल दुसऱ्या लिनक्स मशीनवर नुसती टाकली, प्रोसेसर त्याच जातीचा असला, की काही इन्स्टॉल न करता चालते. पोराला ते पटलं नाही. तो अजून स्ट्रिपच करत बसलाय.