जुन्या जीपची देखभाल : चौघांनी मिळून करण्याचे काम



गळीत हंगाम आटोपला, शेवटच्या फडाचा ऊस वजनकाट्यावर गेला, की हाताला जरा सवड मिळते. या दिवसांत घरच्या जुन्या जीपकडे लक्ष देण्याची आमची पद्धत आहे. आम्ही एकाच वाडीतले चौघे सभासद. चौघांत मिळून तीन जुन्या जीप आणि धड पान्यांची पेटी एकच! त्यामुळे काम एकत्र करण्यावाचून गत्यंतर नव्हते. आता तर ती सवयच झाली आहे. पाडव्यानंतरचे दोन-तीन रविवार आम्ही चिंचेखाली याच कामात घालवतो. पाणंदीच्या चिखलातून खताची पोती न्यायची, रात्री-अपरात्री मोटारीवर जायचे, तर ही गाडी अजून उपयोगी पडते. ती सांभाळताना आलेले अनुभव इतर सभासदांच्या कामी यावेत म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात आमच्या चुकीपासूनच करतो. काही वर्षांपूर्वी मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक खोलायला घेतला होता. जागा किंचित उताराची. जॅक लावून चाक काढले. आबा म्हणाले, "म्होरल्या चाकास्नी दगुड लावा रं." त्यावर आमच्यातला एक म्हणाला, "आबा, हँडब्रेक वढलाय की पार वरपत्तुर!" सगळ्यांना ते पटले. तो गडी तासभर गाडीखाली निजून काम करीत होता. तहान लागली म्हणून बाहेर आला, तांब्या तोंडाला लावला, आणि गाडी हातभर सरकली. जॅक आडवा झाला, ड्रम मातीत रुतला. ज्या जागी घटकाभरापूर्वी त्याची छाती होती, तिथे ॲक्सल आणि जमीन यांत वीतभरही अंतर उरले नव्हते.

हँडब्रेक ओढलेला असताना गाडी सरकली कशी? हे समजून घेतले पाहिजे, कारण असा समज पुष्कळांचा असतो.

मोटारगाडीचा हँडब्रेक बहुधा मागच्या दोन्ही चाकांना धरतो. जुन्या जीपचे तसे नाही. स्वातंत्र्यानंतर १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली. त्या मूळ विलिजचा हँडब्रेक ट्रान्स्फर केसच्या मागे, म्हणजे मागच्या प्रोपेलर शाफ्टवर बसवलेला असे. तीच रचना पुढे कित्येक वर्षे बऱ्याच जीपमध्ये चालत राहिली. हा ब्रेक चाक धरीत नाही, शाफ्ट धरतो. शाफ्ट आणि चाके यांच्यामध्ये असतो डिफरन्शियल. वळणावर एक चाक कमी आणि दुसरे जास्त फिरावे म्हणून त्याची योजना. शाफ्ट जाम धरला तरी एक चाक पुढे आणि दुसरे तितकेच मागे फिरू शकते. दोन्ही चाके जमिनीवर असतात तोवर जमीनच त्यांना तसे उलटसुलट फिरू देत नाही. पण एक चाक उचलले, की ते मोकळे उलटे फिरते आणि जमिनीवरचे चाक खुशाल गडगडते. गाडी गिअरमध्ये टाकली तरी हाच प्रकार, कारण गिअरही शाफ्टलाच धरतो.

खात्री करायची असेल तर सपाट जागी पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून ठोकळे लावावेत, मागचा ॲक्सल दोन मजबूत घोड्यांवर ठेवावा, गाडी न्यूट्रल करून हँडब्रेक ओढावा आणि एक चाक हाताने फिरवावे. पलीकडचे चाक उलट दिशेने फिरताना दिसेल. आम्ही घरातल्या पोरांना हे मुद्दाम दाखवले. एकदा पाहिले की दहांदा सांगावे लागत नाही.

तेव्हापासून आमचे नियम ठरले आहेत. जागा सपाट आणि कठीण हवी. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावायचा नाही. फोर-व्हील चालू असलेली गाडी असेल तर लो आणि गिअर टाकून ठेवावा, म्हणजे पुढची चाकेही धरली जातात. मात्र तो ठोकळ्यांना पर्याय नव्हे. जॅक फक्त उचलण्यासाठी. वजन तोलायला ॲक्सलखाली लोखंडी घोडी हवी. विटा रचू नयेत, त्या अचानक फुटतात. काढलेले चाक चासीखाली आडवे सरकवून ठेवावे. आणि एक माणूस कायम बाहेर उभा हवा. एकट्याने गाडीखाली जायचेच नाही.

आता पायाच्या ब्रेककडे वळू. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम असतात, आणि बऱ्याच गाड्यांत चारही चाकांचे ब्रेक ऑइल एकाच लाइनमधून जाते. म्हणजे एका चाकाचा व्हील सिलिंडर गळाला तर चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून वर्षातून एकदा चारही ड्रम उघडून पाहावेत. सिलिंडरच्या रबरी टोप्या सरकवून मागे ओल दिसते का ते बघावे. ओल असेल तर नवे किट टाकावे. सिलिंडरच्या आत खड्डे पडले असतील तर किटने भागत नाही, सिलिंडरच बदलावा. लायनरवर ऑइल किंवा ग्रीस चढले असेल तर पुसून पुन्हा बसवण्याचा मोह टाळावा. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते व ते छातीला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसावी. रबरी भाग डिझेल-रॉकेलने कधीही धुऊ नयेत, ते फुगतात. ते ब्रेक ऑइलनेच धुवावेत.

ब्रेकची हवा काढण्याच्या कामाला दोन माणसे लागतात. एकजण सीटवर बसून पेडल दोन-चार वेळा मारतो आणि दाबून धरतो. दुसरा चाकामागचा निपल किंचित सोडतो. बुडबुड्यांसह ऑइल येते. निपल बंद झाल्यावरच वरच्याने पाय उचलायचा, आधी नाही. नाहीतर हवा परत आत ओढली जाते. यासाठी आम्ही दोनच शब्द ठरवले आहेत, "धर" आणि "सोड". मास्टर सिलिंडरपासून लांबचे चाक आधी घ्यावे : मागचे डावे, मागचे उजवे, मग पुढचे डावे, शेवटी पुढचे उजवे. टाकीतले ऑइल मध्ये संपू देऊ नये. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषते. असे जुने ऑइल घाट उतरताना तापून उकळते व पेडल एकदम खाली जाते. म्हणून दोन वर्षांनी ते सगळे बदलावे, आणि उघडे राहिलेल्या डब्यातले वापरू नये.

चाक काढलेच आहे तर हबचे बेअरिंगही पाहून घ्यावे. रॉकेलने धुऊन वाळवावे, निळसर डाग किंवा खड्डे नाहीत ना ते बघावे, आणि तळहातावर ग्रीस घेऊन ते रोलरांच्या आत दाबून भरावे. वरून नुसते फासून उपयोग नाही. बसवताना चाक फिरवत फिरवत नट घट्ट करावा, मग सुमारे षष्ठांश फेरा मागे सोडून लॉक करावा. फार आवळला तर बेअरिंग जळते, सैल राहिला तर चाक डुलते.

ओढा किंवा पाटाचे पाणी ओलांडल्यावर एक गोष्ट हमखास विसरली जाते. पळून तापलेला ॲक्सल गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि वरचा ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर सीलमधून पाणी आत ओढले जाते. म्हणून ब्रीदर साफ ठेवावा. झाकण उघडून ऑइल पाहावे. ते दुधासारखे झाले असेल तर पाणी शिरले असे समजावे व लगेच बदलावे.

चारही चाकांचा जोर फक्त चिखलात, वाळूत, ओल्या मातीत वापरावा. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर चालतात. फोर-व्हील टाकल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधले जातात. मातीत चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती घसरत नाहीत, त्यामुळे सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो, लिव्हर अडकतो आणि शेवटी क्रॉस किंवा गिअर तुटतो. लिव्हर अडकलाच तर हातोडा न घेता गाडी थोडी सरळ मागे घ्यावी, पीळ उतरतो. चारही टायर एकाच मापाचे असावेत, हे त्याच कारणाने.

सगळेच काम घरी करावे असे मात्र आमचे म्हणणे नाही. डिझेल पंप, गिअरबॉक्सचे आतले काम, चासीचे वेल्डिंग हे जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावे. स्टिअरिंगचे तुटके भाग तर वेल्ड करूच नयेत, नवे घालावेत. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, तेव्हा तपासणीत ब्रेक व दिवे पाहतातच.

प्रत्येक जीपची एक वही ठेवावी. कोणत्या तारखेला काय बदलले, किती किलोमीटरवर, ते लिहावे. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर आबांनी मोठ्या अक्षरांत एकच ओळ लिहून ठेवली आहे : "आधी ठोकळा, मग जॅक." तो गडी आजही दर रविवारी पान्यांची पेटी घेऊन येतो, आणि न सांगता सर्वांत आधी ठोकळे शोधतो. एवढी एक गोष्ट आपण सर्वांनी पाळली, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.