मशीन रात्रंदिवस चालते, मग पैसा जातो कुठे?

लग्नसराई सरली, शाळेचे गणवेश गेले, वटपौर्णिमेचे ब्लाऊज गेले. आषाढ लागला की गावातली गिऱ्हाइके पेरणी-निंदणीत गुंततात आणि घरी बसून शिलाई करणाऱ्या बहिणींना जरा उसंत मिळते. गौरी-गणपतीची गर्दी सुरू होण्याआधी या दिवसांत मशीनला तेल द्या आणि एक शंभर पानी वही आणा.

ताई, तुमचे काम नीट असते, गिऱ्हाईक मोडत नाही, रात्री अकरापर्यंत दिवा जळतो. तरी महिनाअखेर डब्यात फारसे काही नसते. अशा वेळी घरात एकच उपाय निघतो : आणखी एक मशीन घेऊ! थांबा. आधी कोणत्या कामाचा तास किती पैसे देतो ते पाहू.

हे आकडे नमुन्याचे आहेत. तुम्ही आपल्या गावचे घाला. समजा, साध्या ब्लाऊजची शिलाई १५० रुपये. दोरा, हूक यांचे १० गेले, उरले १४०. माप घेण्यापासून हूक लावेपर्यंत दोन तास लागले, म्हणजे तासाला ७० रुपये. अस्तरचा ब्लाऊज ३०० रुपयांचा; अस्तर आणि दोरा-हूक मिळून ७० गेले, तीन तास लागले. तासाला ७५ च्या आसपास. आता फॅशनचा ब्लाऊज घ्या. ५०० रुपये ऐकायला मोठे वाटतात. पण अस्तर, लेस, लटकन यांत ९० जातात, शिवायला पाच तास लागतात आणि गळा बसला नाही म्हणून तो परत येतो, त्यात आणखी एक तास. ४१० रुपयांना सहा तास! म्हणजे साध्या ब्लाऊजपेक्षाही तासाला कमीच पडले. साडीला फॉल लावायचे ८० रुपये घेतले, त्यातले ३२ फॉल-दोऱ्यात गेले आणि तासभर हातशिलाई केली, तर पदरात ४८ आले.

आणि जुन्या ब्लाऊजला फिटिंग करून देणे, परकराची टीप मारणे ही कामे? ती तर आपण फुकटच करून देतो. पाव तासाचे २० रुपये घेतले तरी तासाला ८० पडतात. जे काम सर्वांत जास्त देऊ शकते, त्याचेच पैसे मागायला जीभ रेटत नाही!

हे पान घरच्या पुरुषमाणसांनीही वाचावे. डेअरीला घातलेल्या दुधाचा हिशेब आपण लिटरवारी ठेवतो. बाईच्या मशीनचा मात्र कुणी ठेवत नाही. ती 'घरीच तर असते' ना! तेवढ्या वेळात ती निंदणीला गेली असती तर किती रोज मिळाला असता, तोही आकडा वहीत शेजारी लिहून पाहा.

पंधरा दिवस असे लिहिलेत की दर कुठे वाढवायचा ते आपोआप दिसेल. फॅशनच्या ब्लाऊजचा दर वाढवा. निम्मी गिऱ्हाइके तालुक्याला गेली तर जाऊ द्या, तो वेळ अस्तरच्या ब्लाऊजला मिळेल. फॉल आणि हूक-काज यांसाठी गल्लीतली एखादी शिकाऊ मुलगी नगावर ठेवा. तुमचा हात कात्रीवर हवा, कारण कापणी दुसऱ्यावर सोपवता येत नाही. आधी माणूस, मग मशीन, असे आम्हाला वाटते. मशीन घेतले आणि त्यावर बसायला कुणी नसले, तर त्यावर घड्या घातलेले कपडेच बसतात.

उधारीचे काय? पूर्वी सुतार, लोहार, न्हावी, परीट यांना बलुते मिळे. रोख नसे, पण सुगीला खळ्यावर धान्य मोजून हिशेब मिटे. आपल्या उधारीला ते खळेही नाही. 'सोयाबीन विकल्यावर देते' म्हणणाऱ्या जावेला नाही म्हणता येत नाही, हे खरे. मग निदान अस्तर-लेसचे पैसे कापड घेतानाच घ्या आणि बाकी वहीत तिच्यासमोर लिहा.

गणवेशाच्या कामाकडेही लक्ष ठेवा. २०२४-२५ साली सरकारी शाळांचे गणवेश बचत गटांकडून शिवून घेण्याची पद्धत राज्याने आणली होती. डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय बदलून काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले. तेव्हा आपल्या शाळेच्या समितीला उन्हाळ्यातच भेटा, नमुन्याचा एक शर्ट शिवून दाखवा. मात्र पैसे कधी मिळणार हे आधी विचारा. शंभर शर्टांचा दोरा, बटणे तुमच्या पदरची असतील, तर वाट किती दिवस पाहवेल याचा अंदाज हवा.

कर्ज लागलेच, तर सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात ५ टक्के व्याजाने १ लाखापर्यंत कर्ज ठरवले आहे. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. शिंपीकामाची नोंदणी सध्या चालू आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारून मगच फेरा घाला. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. कुणी तिची 'सरकारी फी' म्हणून पैसे मागितले, तर देऊ नका.

नवे दर पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून मशीनमागच्या भिंतीवर लावा. तोंडाने सांगायला जड जाते ते पुठ्ठा सांगतो. पुठ्ठा श्रावण लागायच्या आत लावा आणि आधी घेतलेल्या कापडांना जुनाच दर लावा.